कागदाची पत

१२३१ साली सम्राट दुसरा फ्रेडरिक याने दक्षिण इटलीतल्या मेल्फी इथे आपल्या सिसिली राज्याची कायदेसंहिता जाहीर केली. दस्तऐवज लिहिणाऱ्या नोटरींसाठी तिच्यात एक सक्त कलम होतं. यापुढे करारमदार आणि सरकारी दस्त चर्मपत्रावरच लिहायचे, कागदावर नाही. कारण उघड होतं, कागद टिकत नसे. ज्या पुराव्यावर नातवंडांचे हक्क ठरायचे, तो कसर खाऊन टाकणार असेल किंवा भिंतीच्या ओलीने कुजणार असेल, तर न्यायनिवाडा व्हायचा कसा?

ही भीती घराण्यात आधीपासूनची होती. फ्रेडरिकच्या आईचे वडील, राजा दुसरा रॉजर, यांनी ११४५ मध्ये जुन्या कागदी सनदा चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा हुकूम काढला होता. रॉजरची आई अदेलासिया हिने मुलाच्या लहानपणी राज्यकारभार पाहिला. तिच्या वतीने ११०९ साली ग्रीक आणि अरबी भाषांत लिहिलेलं एक आज्ञापत्र मात्र नष्ट झालं नाही. आज ते पालेर्मोच्या अभिलेखागारात आहे, आणि युरोपात टिकून राहिलेल्या तारीखवार कागदी दस्तांमध्ये सर्वांत जुना म्हणून त्याची ओळख आहे. ते वाचलं, पण त्याच्यासोबतची कितीतरी पत्रं काळाच्या ओघात गेली.

कागदाची ही बदनामी पुसायला राजा किंवा विद्यापीठ पुढे आलं नाही. ते काम मध्य इटलीतल्या एका डोंगरी गावाने केलं. गावाचं नाव फाब्रियानो.

आपेनाइन पर्वतरांगांच्या कुशीत, मार्के प्रदेशात, समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटर उंचीवर हे गाव वसलं आहे. गावातून जानो नावाची लहानशी नदी वाहते. तेराव्या शतकात इथे लोकर विणणारे होते, कातडी कमावणारे होते आणि लोहार होते. गावाच्या बोधचिन्हातही लोहारच आहे, नदीवरच्या पुलावर ऐरणीशी उभा असलेला. १२५५ मध्ये चौकात नगराधिकाऱ्याचा वाडा उभा राहिला आणि १२८५ मध्ये त्याच्यासमोर दगडी कारंजं बसलं. एवढी बांधकामं काढण्याइतका पैसा गावात खेळत होता. शेजारच्या मातेलिका गावाच्या दप्तरात १२६४ सालची कागदखरेदीची नोंद आहे. तीच फाब्रियानोच्या कागदाचा पहिला उल्लेख मानली जाते. १२८३ च्या एका नोटरी दस्तात तर कागद बनवणाऱ्या कारागिरांची नावंच येतात. म्हणजे तोवर हा एखाददुसऱ्याचा उद्योग राहिला नव्हता, गावाचा धंदा झाला होता.

कागद गावात आला कसा, याची एक दंतकथा सांगतात. आन्कोना बंदरात अरब कैदी होते, त्यांच्याकडून ही विद्या फाब्रियानोकरांनी घेतली. कथा सुरेख आहे, पण तिला कागदोपत्री आधार नाही. आन्कोनाचे व्यापारी पूर्व भूमध्य समुद्रातल्या बंदरांशी व्यवहार करत, तिथला माल आणि माणसं या किनाऱ्यावर उतरत. विद्या यायला एवढी वाट पुरेशी होती. चीनमधून समरकंद, समरकंदहून बगदाद आणि तिथून उत्तर आफ्रिका, स्पेन, सिसिली, असा कागदाचा प्रवास अरबी जगामार्फत झाला. त्याच विद्येची दुसरी फांदी इराणकडून हिंदुस्थानात उतरली. देवगिरीजवळच्या कागजीपुऱ्याच्या कारागिरांनी पुढे कित्येक पिढ्या तिच्यावर पोट भरलं.

तेव्हा कागदाच्या शोधाचं श्रेय फाब्रियानोचं नाही. गावाचं श्रेय वेगळं आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते शोधाहून उणं नाही. शेजारच्या तीन धंद्यांत जे रोज चाललं होतं ते या कारागिरांनी कागदाच्या कामाला लावलं आणि ज्या वस्तूवर कोर्ट विश्वास ठेवत नव्हतं तिला बाजारात पत मिळवून दिली.

पहिला धंदा लोकरीचा. विणलेलं लोकरी कापड घट्ट व्हावं म्हणून ते पाण्यात भिजवून कुटावं लागे. त्यासाठी इटलीत पाणचक्क्या होत्या. नदीचं पाणी चाकावर पडे, चाकाबरोबर एक जाडजूड लाकडी लाट फिरे, लाटेवरच्या खुंट्या घणांचे दांडे उचलत आणि सोडत. कागदासाठी चिंध्या कुटणं हे तसंच काम होतं. अरबी कारखान्यांत ते बहुधा हाताने, पायाने किंवा जनावरांच्या बळावर चाले. फाब्रियानोत त्या कामाला नदी जुंपली गेली. एकेका कुंडात तीन-तीन घण, आणि अशी कुंडं ओळीने मांडलेली. पहिल्या कुंडातल्या घणांच्या तोंडाला लांब टोकदार खिळे असत. ते तागाच्या आणि अंबाडीच्या चिंध्या फाडून त्यांचे धागे सुटे करत. पुढच्या कुंडातले खिळे आखूड आणि बोथट, ते तंतू पिंजत. शेवटच्या कुंडातल्या घणांना खिळेच नसत. नुसतं लाकूड त्या लगद्यावर पडत राही आणि तंतू पाण्यात एकजीव होत.

त्याआधी चिंध्या निवडल्या जात. पांढऱ्या वेगळ्या, रंगीत वेगळ्या, शिवणी आणि बटणं काढून टाकलेल्या. मग त्या ओल्या करून ढीग घालून कुजवत, म्हणजे धागा सैल पडे. आज कागद म्हटला की झाड डोळ्यांपुढे येतं, पण एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपचा कागद अंगावरच्या कपड्यांचा होता. जुने सदरे, चादरी, जहाजांचे दोर हाच कच्चा माल. चिंध्या गोळा करणारे लोक गावोगाव फिरत.

दुसरा धंदा कातड्याचा, आणि फ्रेडरिकच्या हरकतीचं खरं उत्तर त्यात होतं. अरबी कागदाला पिठाची खळ लावत. खळ लावलेला कागद घासून गुळगुळीत करता येई आणि बोरूने त्यावर सुंदर लिहिता येई. कोरड्या हवेत तो टिकेही. पण युरोपच्या दमट हवेत खळीला बुरशी धरे आणि कसरीला मेजवानी मिळे. शिवाय युरोपातले लेखनिक पिसाच्या टोकदार लेखणीने लिहीत. ती खळीच्या मऊ थरात रुते आणि शाई फुटे. फाब्रियानोत कातडी कमावणाऱ्यांकडे खरवडून काढलेले कातड्याचे तुकडे पडून असत. ते पाण्यात उकळून सरस निघे. वाळलेले ताव कोमट सरसात बुडवायचे, दाबून जास्तीचा सरस पिळून काढायचा आणि पुन्हा वाळत घालायचे. असा कागद कडक होई, बोटाने टिचकी मारली की वाजे. त्यावर पिसाची लेखणी न अडकता चाले आणि शाई जिथे टेकवली तिथेच राही. मुख्य म्हणजे बुरशी आणि कीड त्याच्या वाटेला सहजी जात नसे. सातशे वर्षांपूर्वीचे ताव आजही इटलीच्या दप्तरखान्यांत पांढरेशुभ्र सापडतात, त्यामागे हा सरस आणि तागाचे धागे आहेत.

आणि तिसरा धंदा लोहाराचा. लगद्यातून ताव उचलायला चौकटीवर ताणलेली जाळी लागते. पूर्वेकडे ती बांबूच्या काड्यांची किंवा गवताची असे, लवचीक आणि गुंडाळता येणारी. इटलीत धातूची बारीक तार ओढण्याची कला होती, म्हणून जाळी तारेची झाली आणि चौकटीला पक्की बसली. एकदा जाळी पक्की झाल्यावर तिच्यावर तारेचीच एखादी आकृती शिवता येते हे कुणाच्या तरी लक्षात आलं. जिथे तार वर आलेली, तिथे लगद्याचा थर पातळ बसतो. ताव वाळल्यावर उजेडासमोर धरला की आकृती दिसते. हाच वॉटरमार्क, म्हणजे जलचिन्ह. १२८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या इटालियन कागदांत अशी चिन्हं पहिल्यांदा दिसतात. सुरुवातीची चिन्हं अगदी साधी आहेत, एखादा क्रूस, एखादं वर्तुळ. चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत काही कारागिरांनी आपलं अख्खं नावच तारेने वळवून तावात घातलं. मग पक्षी, फळं, घंटा, बैलाची डोकी, मुकुट यांची रीघ लागली.

या चिन्हांनी काय साधलं ते त्या काळच्या एका मोठ्या कायदेपंडिताने नोंदवून ठेवलं आहे. बार्तोलो हा फाब्रियानोच्या शेजारच्या सासोफेर्रातोचा. १३५७ मध्ये तो वारला. चिन्हं आणि कुलचिन्हं यांच्यावरच्या आपल्या ग्रंथात त्याने फाब्रियानोचं उदाहरण घेतलं. तिथे कागदाचे अनेक कारखाने आहेत, काहींचा माल सरस आहे, आणि प्रत्येक तावावरच्या खुणेवरून तो कुठल्या कारखान्याचा ते कळतं, असं तो सांगतो. मग कारखान्याची वाटणी झाली तर खूण कुणाची? बार्तोलोचा निर्णय असा की ज्याच्याकडे कारखान्याची वास्तू जाईल त्याच्याकडे खूणही जाईल. व्यापारचिन्हाच्या कायद्याचा इतिहास लिहिणारे आजही या उताऱ्यापाशी थांबतात. शंभरेक वर्षांपूर्वी नोटरीने ज्याला हात लावू नये असं फर्मान निघालं होतं, त्या कागदावरच्या खुणेला आता कायद्याच्या ग्रंथात स्थान मिळालं होतं.

कारखान्यातलं काम तिघांच्या तालावर चाले. पहिला कारागीर लगद्याच्या हौदाशी उभा. तो जाळीची चौकट तिरकी बुडवून आडवी वर काढतो आणि पाणी निथळत असतानाच तिला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे एक हलका झोल देतो, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. हा झोल चुकला तर ताव एका बाजूला जाड होतो. दुसरा कारागीर त्या चौकटीतला ओला ताव लोकरी बनातीवर उलटा टेकवून सोडतो. तोवर पहिल्याच्या हातात दुसरी चौकट आलेली असते. बनात, ताव, बनात, ताव अशी चळत वाढत जाते. ती मोठ्या स्क्रूच्या दाबयंत्राखाली जाते, पाण्याचे ओघळ जमिनीवर धावतात आणि मग तिसरा कारागीर एकेक ताव सोडवून घेतो. वरच्या मजल्यावर सगळीकडे खिडक्या आणि दोऱ्या. तिथे ताव वाळत पडत. वारा किती घ्यायचा हे खिडक्यांच्या फळ्या सरकवून ठरवत. शेवटी गुळगुळीत दगडाने घासून, मोजून, दस्ते आणि रिमा बांधून माल गाढवांवर चढे. तावांचे आकारही ठरत गेले. बोलोन्यामध्ये चौदाव्या शतकाच्या अखेरची एक दगडी शिळा आहे. तिच्यावर चार प्रमाणित आकार एकात एक कोरलेले आहेत. सर्वांत मोठ्या आकाराचं नाव बादशाही. ग्राहकाला ताव शिळेवर ठेवून खात्री करून घेता येई.

माल गेला कुठवर? प्रातोचा व्यापारी फ्रांचेस्को दातिनी १४१० साली वारला. त्याच्या घरात १८७० मध्ये जुन्या कागदांच्या गोण्या सापडल्या. दीड लाखाच्या आसपास पत्रं आणि पाचशेहून अधिक हिशेबवह्या, सगळा व्यापार कागदावर. दातिनी स्वतः कागदाचाही व्यापार करी आणि त्यात फाब्रियानोचा माल असे. हुंड्या, विम्याचे करार, दुहेरी नोंदीची खातेवही यांचा त्या काळातला प्रसार स्वस्त आणि भरवशाच्या कागदाशिवाय झालाच नसता. बकऱ्याच्या कातड्यावर रोजचा जमाखर्च कोण लिहिणार?

याहून लक्षणीय गोष्ट भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या काठावर घडली. ज्या अरबी जगाने युरोपला कागद शिकवला, तेच आता इटलीचा कागद विकत घेऊ लागलं. उत्तर आफ्रिकेतले जुने कारखाने बंद पडत गेले. आजच्या अल्जीरियातल्या त्लेमसेन शहरात १४०९ साली धर्मशास्त्री इब्न मर्झूक याच्यापुढे प्रश्न आला, की या परदेशी तावांत उजेडासमोर धरल्यावर क्रूस दिसतात, मग अशा तावावर अल्लाचं नाव लिहावं का? इब्न मर्झूकने सविस्तर फतवा दिला. लिहायला हरकत नाही. असत्याच्या खुणेवर सत्याची अक्षरं चढली तर ती खूण झाकलीच जाते, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. ज्या शहरांत पूर्वी कागद बनत असे आणि आता बनत नाही, त्यांचाही उल्लेख त्याने केला आहे. शिष्याचा माल गुरूच्या घरी कसा पोहोचला, हे या एका फतव्यातून जितकं स्पष्ट कळतं तितकं व्यापाराच्या आकड्यांतून कळत नाही.

इतका चालणारा धंदा लपवून ठेवण्याचा मोह गावाला झाला नसता तरच नवल. पण कारागीर त्याआधीच बाहेर पडले होते. न्यूरेम्बर्गच्या उलमान श्ट्रोमर या सावकाराने १३९० मध्ये आपल्या शहराबाहेर पेग्निट्झ नदीवरची एक चक्की कागदासाठी बदलून घेतली. त्याने आपल्या वहीत सगळा प्रकार लिहून ठेवला आहे. त्याने इटलीहून फ्रान्सिस्कस, त्याचा भाऊ मार्कस आणि त्यांचा एक नोकर यांना आणलं. वहीत फ्रान्सिस्कसच्या नावापुढे त्याचा मुलूखही लिहिलेला आहे, तो मार्के, म्हणजे फाब्रियानोचाच प्रदेश. श्ट्रोमरने त्यांच्याकडून शपथ घेतली, की कागद फक्त माझ्यासाठी बनवाल आणि दुसऱ्या कुणाला शिकवणार नाही. पण या इटालियनांना आपली किंमत ठाऊक होती. त्यांनी काम मंदावलं, आणखी कारागीर आणायला नकार दिला आणि चक्की आम्हालाच भाड्याने द्या असा धोशा लावला. श्ट्रोमरने त्यांना बुरुजातल्या कोठडीत डांबलं. चौथ्या दिवशी त्यांनी हात टेकले आणि नव्याने शपथ घेतली. जर्मनीतल्या कागदधंद्याची सुरुवात अशी झाली. श्ट्रोमरची ही चक्की १४९३ च्या प्रसिद्ध न्यूरेम्बर्ग बखरीत शहराच्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात आजही पाहायला मिळते. बुरुजात गेलेल्यांचं त्या वहीत नाव तरी राहिलं. ज्यांच्या हातांनी ही विद्या आल्प्सपलीकडे गेली अशा इतर बहुतेकांची नावं कुठेच नाहीत, याची खंत वाटते.

इकडे फाब्रियानोवर कियावेल्ली घराण्याची सत्ता होती. २६ मे १४३५ रोजी, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, घराण्यातली मंडळी सान वेनान्त्सियोच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जमली होती. श्रद्धेचं स्तोत्र सुरू असतानाच कटवाले त्यांच्यावर तुटून पडले आणि सत्ताधारी घराण्याची तिथेच कत्तल झाली. पुढच्याच वर्षी, १४३६ मध्ये, गावाच्या नियमावलीत कागदाचं कलम आलं. गावापासून पन्नास मैलांच्या आत बाहेरच्या कुणी कागद करायचा नाही, आणि गावकऱ्यांनी परक्याला ही विद्या शिकवायची नाही. मनाई कडक होती, पण वेळ निघून गेली होती. गार्दा सरोवराच्या काठी, जेनोवाजवळच्या व्होल्त्रीत आणि पिएमोन्तेत कारखाने चालू लागले होते. योहान गुटेनबर्गने १४५० च्या दशकात बायबल छापलं तेव्हा त्याच्या कागदी प्रतींसाठी ताव इटलीहून आले, पण ते पिएमोन्तेकडचे. छपाईने कागदाची भूक अफाट वाढवली आणि त्या वाढीचा मोठा वाटा दुसऱ्यांनी नेला.

पुढची तीन शतकं उताराची. पोपच्या राज्यातलं एक आडबाजूचं गाव, समुद्र लांब, स्पर्धा वाढलेली. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये फिरत्या पात्यांचं यंत्र निघालं आणि घणांचं काम झपाट्याने होऊ लागलं.

धंद्याला पुन्हा उभं केलं पिएत्रो मिलियानीने. १७८२ मध्ये त्याने विखुरलेलं कागदाचं काम एका व्यवस्थेखाली आणलं. पार्माचा विख्यात मुद्रक जांबात्तिस्ता बोदोनी त्याचा ग्राहक होता. बोदोनीच्या टाइपातल्या केसाएवढ्या बारीक रेघा जाळीच्या खुणा असलेल्या कागदावर तुटत. त्याला एकसारखा, विणलेल्या जाळीवरचा ताव हवा होता आणि मिलियानीने तो करून दिला. पुढच्या पिढ्यांत घराणं इतकं मोठं झालं की जांबात्तिस्ता मिलियानी १९१७ ते १९१९ या काळात इटलीचा शेतीमंत्री होता.

एकोणिसाव्या शतकात जलचिन्ह नुसत्या रेघांचं राहिलं नाही. मेणाच्या पत्र्यावर चेहरा कोरायचा, त्यावरून धातूचा ठसा करायचा आणि जाळीच त्या ठशात दाबून उंचसखल करायची. लगदा खोलगट जागी जाड बसतो आणि उंचावर पातळ, त्यामुळे तावात छायाप्रकाशाचं चित्र उमटतं. नोटांचं संरक्षण यावर उभं राहिलं. भारतीय नोटेतला गांधीजींचा चेहराही याच जातीचा. फाब्रियानोने इटलीच्या लिरांसाठी आणि नंतर युरोसाठी नोटांचा कागद बनवला.

याच गावात दोन झोंगी भावांनी एक निराळं काम केलं. आउरेलिओ हे पाद्री, गावच्या दप्तरखान्याची व्यवस्था त्यांनी लावली आणि १८८१ मध्ये फाब्रियानोच्या जुन्या खुणांवर पुस्तक प्रसिद्ध केलं. आउगुस्तो यांनी दोन हजारांहून अधिक जुने ताव जमवले, १२६७ पासून १७९८ पर्यंतचे. जाळीची चौकट रोज वापरली की दोनेक वर्षांत झिजते. तिच्यावरची तारेची आकृती सरकते, वाकते, मग नवी शिवावी लागते. त्यामुळे तारीख असलेल्या दस्तातली खूण आणि बिनतारखेच्या हस्तलिखितातली खूण तंतोतंत जुळली, तर त्या हस्तलिखिताचा काळ काही वर्षांच्या आत ठरवता येतो. जिनिव्हाच्या शार्ल ब्रिके यांनी १९०७ मध्ये सोळा हजारांहून अधिक जलचिन्हांचा कोश काढला आणि हे शास्त्र पक्कं केलं. बनावट सनद, मागच्या तारखेचं मृत्युपत्र, खोटं संगीतलेखन अशी कितीतरी प्रकरणं त्याच्या आधारे उघडी पडली आहेत.

मिलियानींचे कारखाने २००२ मध्ये व्हेरोनाच्या फेद्रिगोनी कंपनीने घेतले. सान दोमेनिको मठाच्या जुन्या इमारतीत आता कागदाचं संग्रहालय आहे. तिथे घण, हौद आणि दाबयंत्र चालवून ताव काढून दाखवतात. २०१३ मध्ये युनेस्कोने फाब्रियानोला हस्तकलांचं सर्जनशील शहर म्हणून आपल्या यादीत घेतलं. मुंबई-पुण्याच्या कलासाहित्याच्या दुकानांत जलरंगाचे जाड ताव मागितले की या गावाचं नाव छापलेले ताव समोर येतात.

पण २०२४ च्या शरद ऋतूत कंपनीने जाहीर केलं की फाब्रियानोत कचेऱ्यांसाठी बनणारा साधा छपाईचा कागद बंद करायचा. जगभर कचेऱ्या पडद्यावर गेल्या आहेत आणि त्या कागदाला मागणी उरलेली नाही, असं कारण होतं. हा कागद जानो १२६४ नावाची उपकंपनी बनवत असे. नदीचं नाव आणि मातेलिकाच्या दप्तरातलं ते साल, दोन्ही त्या नावात होती. सुमारे दोनशे कामगारांच्या नोकऱ्या त्यात होत्या. कामगार संघटनांनी विरोध केला, प्रादेशिक सरकार आणि रोममधलं मंत्रालय बोलणीत उतरलं, तरी निर्णय फिरला नाही.